गच्चीवरचा पीव्हीसी पाइप: तिसऱ्यांदा जोडला, तिसऱ्यांदा गळतोय

परसदार | रविवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. साताऱ्यात घर आहे, गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी. टाकीच्या बुडातून एक इंची लाइन काढून कठड्याच्या कडेने साधारण १२ मीटर नेली, वाटेत कुंड्यांसाठी दोन नळ दिले आणि शेवटी लाइन खाली परसात उतरवली. पाइप विकत घेतले नाहीत. गावाकडे शेतात लाइन टाकली तेव्हाचे राखाडी पाइप शिल्लक होते, तेच आणले. एल्बो, टी वगैरे फिटिंग इथल्या हार्डवेअरच्या दुकानातून, पांढरी.

टाकीखालचा पहिला एल्बो गळतो. पहिल्यांदा गळाला तेव्हा वरून मळायचा सील थापला. आठ दिवस बरं होतं. मग एल्बो कापून नवा लावला, सोल्युशन अगदी सढळ हाताने. तोही पाझरायला लागला. तिसऱ्यांदा कुणीतरी सांगितलं म्हणून सुती चिंधी सोल्युशनमध्ये भिजवून गुंडाळली. आता तिथे बॅंडेज बांधल्यासारखं दिसतं आणि बॅंडेजातून थेंब पडतो. परसातला खालचा एल्बो तर परवा अख्खा सुटूनच आला, अर्धी टाकी वाया गेली.

आईने त्या टाकीखालच्या थेंबाखाली तुळशीची कुंडी आणून ठेवली आहे. म्हणजे घरात माझ्या प्लंबिंगवर किती विश्वास आहे ते समजा.

नक्की काय चुकतंय?

गार_वारा | रविवार, सकाळी १०.०५

सोल्युशन जुनं असेल. डबा उघडून वर्षभर ठेवला की ते जेलीसारखं होतं, मग काही उपयोग नाही.

आणि एक आगाऊ सल्ला: प्लंबर बोलवा की!

परसदार | रविवार, सकाळी १०.२०

डबा नवा होता, मधासारखं वाहत होतं. प्लंबर दोनदा "उद्या येतो" म्हणाला. त्याचा तो उद्या अजून उजाडायचा आहे.

दोन_इंची | रविवार, सकाळी ११.३०

फिटिंगच्या नादाला कशाला लागता. आमच्याकडं रानात पाइपाचं तोंड पाचटाच्या जाळावर भाजायचं, मऊ पडलं की दुसरा पाइप आत घालायचा, वर सोल्युशन. इंदापूर तालुक्यात निम्म्या लाइनी अशाच जोडल्यात. वीस वर्षं चालल्यात.

नळदमयंती | रविवार, दुपारी १.१५

परसदार, तीन प्रश्न. उत्तरं द्या, मग बोलू.

पाइपात पाइप घातलेले सरळ सांधे गळतात का, की फक्त फिटिंगचे? सोल्युशन लावण्याआधी कोरडा पाइप एल्बोत घातला तेव्हा तो अर्ध्यात अडकला, की सुळकन तळापर्यंत गेला? आणि पाइपावर निळ्या-काळ्या अक्षरांत काय छापलंय?

(माझी ओळख: पुण्यात चौदा वर्षं इमारतींच्या प्लंबिंगच्या कामांवर देखरेख करते. आयडीवरून कुणी विनोद करू नका, सगळे करून झालेत.)

तोवर गार_वारा आणि इतरांसाठी: ज्याला आपण सोल्युशन म्हणतो ते फेविकॉलसारखं चिकटवणारं द्रव्य नव्हे. त्यात पीव्हीसीला विरघळवणारी द्रावकं असतात आणि थोडं विरघळलेलं पीव्हीसी असतं. पाइपाचा बाहेरचा आणि फिटिंगचा आतला पृष्ठभाग त्यामुळे मऊ पडतो, दोन मऊ थर एकमेकांवर दाबले की एकजीव होतात, मग द्रावक हळूहळू उडून जातं आणि प्लास्टिक परत कडक होतं. म्हणजे हा डिंक नाही, वेल्डिंग आहे. म्हणूनच दोन पृष्ठभाग एकमेकांना *घट्ट टेकलेच* पाहिजेत. मध्ये फट असेल तर ती सोल्युशनने भरून निघत नाही. भरल्यासारखी दिसते. द्रावक उडाल्यावर तो थर आकसतो आणि त्यात बारीक वाटा पडतात. थेंब येतो तो त्या वाटेने. वरून सील थापणं, चिंध्या गुंडाळणं हे सगळं मलमपट्टीच.

परसदार | रविवार, दुपारी ४.५०

भर उन्हात गच्चीवर जाऊन वाचून आलो.

सरळ सांधे, म्हणजे पाइपाच्या फुगीर तोंडात दुसरा पाइप घातलेले, एकही गळत नाही! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फक्त फिटिंग गळतात.

कोरडा पाइप एल्बोत सरळ तळापर्यंत जायचा. मला वाटलं, वा, मस्त बसला.

पाइपावर आयएस ४९८५, ३२ मिमी, १० किलो (म्हणजे दाब) असं छापलंय. उरलेल्या एका एल्बोवर १ इंच आणि शेड्यूल ४० लिहिलंय.

नळदमयंती | रविवार, संध्याकाळी ६.१०

सापडला चोर.

तुमचा पाइप आणि तुमचं फिटिंग वेगवेगळ्या मापपद्धतीतली आहेत. आयएस ४९८५ या भारतीय मानकाचे राखाडी पाइप मिलिमीटरमध्ये, आणि ते माप बाहेरच्या व्यासाचं: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३, ७५, ९०, ११०. पांढरे शेड्यूल ४० आणि ८० चे घरगुती पाइप अमेरिकी पद्धतीचे, नावाला इंचात. त्यांच्या 'एक इंची' पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी. ३२ ला बाजारात सगळे 'एक इंची'च म्हणतात, दुकानदारही म्हणतो, पण फरक १.४ मिमीचा आहे. ३३.४ साठी केलेल्या एल्बोत ३२ चा पाइप अर्थातच सुळकन जाणार.

अर्धा इंच आणि पाऊण इंचाचीही हीच कथा. राखाडी २० आणि २५, पांढरे २१.३ आणि २६.७.

योग्य जोडीची खूण अशी: फिटिंगचं तोंड आत किंचित निमुळतं असतं. कोरडा पाइप हाताने घातला की खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश इतका जाऊन अडकायला हवा. पुढचं अंतर सोल्युशनने मऊ झाल्यावर जोर लावून जातो. कोरडाच तळाला टेकला तर ते फिटिंग त्या पाइपाचं नाही. कोरडा अजिबात शिरत नसेल तरीही नाही.

छापील अक्षरं पुसली असतील आणि घरी व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी पाइपाभोवती गुंडाळा, जिथे टोक येईल तिथे पेन्सिलने खूण करा आणि पट्टी उलगडून मोजा. ३२ च्या पाइपाला साधारण १०० मिमी भरेल, पांढऱ्या एक इंचीला १०५. पाच मिलिमीटरचा फरक शाळेतल्या फूटपट्टीवरही दिसतो.

गार_वारा | रविवार, संध्याकाळी ६.२५

हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

दोन_इंची | रविवार, रात्री ८.००

ताई, मग आमचं भाजायचं बरोबर का चूक ते नाही सांगितलं.

नळदमयंती | रविवार, रात्री ८.४०

दादा, रानातल्या लाइनीत तो सांधा टिकतो कारण तिथे तो मातीत गाडलेला असतो, जागचा हलत नाही, ऊन लागत नाही, आणि बांधावर थोडं पाझरलं तर कुणी मोजायला जात नाही. पण तोंड भाजून फुगवलं की तिथली भिंत पातळ होते, तीही सगळीकडे सारखी नाही. जाळावर एक बाजू जास्त भाजते आणि ती कडक, ठिसूळ होते. पाइप करपला तर जो झोंबरा धूर येतो त्यात हायड्रोजन क्लोराइड असतं, ते फुप्फुसाला वाईट. कारखान्यातून फुगीर तोंडाचे पाइप येतात ते हेच काम मोजून-मापून करतात. परसदारांचे जे सरळ सांधे गळत नाहीत ते त्याच जातीचे.

घराच्या लाइनीत, भिंतीच्या आत तर मुळीच, भाजलेला सांधा नको.

दोन_इंची | रविवार, रात्री ९.०५

पटतंय आणि नाही पण. बघू.

हॅक्साब्लेड | सोमवार, सकाळी ७.१५

निदान झालं, आता हातकामाचं बोलतो. आयुष्य चिंचवडला टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे लोकांचे पाइप कापताना बघवत नाही.

तिरका कापलेला पाइप फिटिंगच्या तळाला एका बाजूनेच टेकतो, दुसऱ्या बाजूचं तेवढं जोडक्षेत्र वाया जातं. दमयंतीबाईंची कागदाची पट्टी इथेही वापरा: जरा रुंद पट्टी पाइपाभोवती दोन वेढे गुंडाळायची, कडा कडेशी जुळली की त्या कडेने रेघ मारायची. रेघ काटकोनातच येते. हॅक्सॉ बारीक दात्याचा घ्या आणि पाइप थोडा थोडा फिरवत कापा, एका दमात आरपार नको. पाइप कापायची कात्री मिळते, पण उन्हात वर्षानुवर्षं पडलेला जुना पाइप कात्रीने चिरतो, ती चीर डोळ्याला दिसत नाही आणि पुढे महिन्याभराने गळते. जुन्याला हॅक्सॉच.

मग आतला बूर, म्हणजे कापताना कडेला राहिलेली कुसळं, काढा. तो राहिला तर पुढे नळाच्या जाळीत जाऊन बसतो आणि लोक नळ बदलतात. बाहेरच्या कडेला कानशीने बारीक उतार द्या. हा उतार कुणी देत नाही. धारदार कड फिटिंगमध्ये शिरताना सोल्युशनचा थर खरवडून पुढे तळाशी ढकलते, म्हणजे जिथे हवं तिथे नाही आणि नको तिथे गठ्ठा.

पॉलिश पेपर मारा, कोरड्या फडक्याने पुसा, कोरडं बसवून बघा, फिटिंग कुठल्या कोनात बसणार त्याची पेन्सिलने खूण पाइपावर आणि फिटिंगवर दोन्हीकडे करा. सोल्युशन लावल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

ब्रश पाइपाच्या व्यासाच्या निम्मा तरी असावा. डब्याच्या झाकणाला असतो तो लहान पाइपाला चालतो. पाइपाला पूर्ण गोल, भरपूर. फिटिंगच्या आत पातळ. आतून सढळ लावलं की घालताना ते सगळं तळाशी गोळा होतं, पाइपाच्या आत थारोळं साचतं आणि द्रावक उडायला जागा नसल्याने तिथली भिंत मऊच राहते. परसदारांनी बहुतेक हेही केलंय. मग ताबडतोब, अर्ध्या मिनिटाच्या आत, पाव वळसा देत तळापर्यंत घालायचं आणि *धरून ठेवायचं*. तीस सेकंद. निमुळतं तोंड पाइपाला मागे ढकलतं, सोडलं की दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतो. फिटिंगच्या तोंडाशी सगळीकडून सलग बारीक मण्यासारखी कड दिसली पाहिजे. कुठे खंड असेल तर तिथे कमी पडलंय. जास्तीचं फडक्याने पुसून टाका, ते शोभेचं नाही, पाइप खातं.

आणि खोलीत काम असेल तर खिडक्या उघड्या ठेवा, विडीकाडी लांब. ती वाफ पेट घेते.

नळदमयंती | सोमवार, सकाळी ९.३०

काका, सगळ्याला अनुमोदन, एक पॉलिश पेपर सोडून. चकाकी जाण्यापुरता, दोन हात, इतकाच मारावा. काही लोक पाइप घासून घासून बारीक करतात आणि मग आपणच फट तयार करतात.

हॅक्साब्लेड | सोमवार, सकाळी ९.४५

मान्य. मी टूलरूमचा हात धरून बोललो, सगळ्यांचा हात तसा नसतो.

अधिकउणे | सोमवार, सकाळी ११.००

वाळायला किती वेळ? दुकानदार म्हणतो पंधरा मिनिटांत पाणी सोडा.

नळदमयंती | सोमवार, सकाळी ११.२०

पंधरा मिनिटांत सांधा हात लावण्यासारखा होतो, दाब घेण्यासारखा नाही. घरगुती मापाच्या पाइपांना मी २४ तास पाणी सोडू देत नाही. पावसाळ्यात दीडपट धरा. लोक नेमकी इथे घाई करतात, कारण घरात पाणी नसतं. आदल्या रात्री बादल्या भरून ठेवा आणि काम सकाळी काढा, एवढंच त्याला उत्तर.

जांभ्यातला | सोमवार, दुपारी ३.३०

कुडाळकडून हजेरी. आमच्याकडे सांधे उत्तम असले तरी लाइन टिकत नाही, कारण पायपार माकडां नाचतत. गच्चीवरून, छपरावरून नेलेला पाइप म्हणजे त्यांच्यासाठी झोपाळा. एक उडी, की टी मुळातून मोडली. शेवटी लाइन कठड्याच्या आतल्या बाजूने, खाली जमिनीलगत घेतली आणि दर दोन-अडीच फुटांवर क्लॅम्प मारले. आता नाचले तरी वाकत नाही.

दुसरं, जांभ्यात चर खणून पाइप पुरताना खाली चार बोटं वाळू पसरायची, वरही वाळू, मग माती. जांभ्याचा एक टोकदार खडा पाइपाला टेकून राहिला की वरून बैलगाडी नाही, नुसतं माणसांचं चालणं पुरतं. वर्षाने बरोबर त्या जागी चीर.

जूनमध्ये इथे सोल्युशनचं काम करूच नये असं माझं मत. करायचंच झालं तर डोक्यावर ताडपत्री धरून कुणीतरी उभं राहावं. आमच्यात हे काम मेव्हण्याकडे असतं.

नळदमयंती | सोमवार, संध्याकाळी ५.००

क्लॅम्पचा विषय निघालाच आहे तर परसदारांना सांगायचं राहिलं ते सांगते. पीव्हीसी तापल्यावर चांगलंच लांबतं: दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०७ मिमी. तुमची १२ मीटरची गच्चीवरची लाइन पहाटे २५ अंशांवर आणि दुपारी उन्हात पाइपाचं अंग ५० अंशांवर असेल तर २१ मिमी लांबते. रोज दोन सेंटिमीटर पुढे, रोज दोन सेंटिमीटर मागे. सगळे क्लॅम्प गच्च आवळले आणि दोन्ही टोकांना एल्बो भिंतीला घट्ट असले, तर हा सगळा रेटा एल्बोच्या सांध्यावर येतो. तुमचा परसातला एल्बो सुटून आला तो मापाच्या चुकीने, पण शेवटचा धक्का कदाचित या रेट्यानेच दिला असेल. क्लॅम्प पाइपाला धरून ठेवणारे हवेत, आवळणारे नकोत. पाइप आतून सरकला पाहिजे. एल्बोच्या अगदी शेजारी क्लॅम्प नको, फूटभर सोडा, म्हणजे तेवढा तुकडा वाकून रेटा पचवतो.

ऊन आणखी एक करतं. या पाइपांवर जो दाब छापलेला असतो तो २७ अंशांसाठीचा. ४३ अंशांच्या आसपास पाइपाची ताकद जवळपास निम्म्यावर येते, ६० अंशांना पाव हिस्साही उरत नाही. टाकीच्या पाण्याला याने फारसं बिघडत नाही, दहा मीटर उंचीला एक किलो दाब, तुमच्याकडे त्याच्या निम्मा असेल. पण कुणी प्रेशर पंप लावून तीच उन्हातली लाइन वापरत असेल तर जरा विचार करा.

उघड्या लाइनीला पाण्यात कालवायचा पांढरा किंवा फिकट रंग द्या. ऑइल पेंट नको, त्यातलं द्रावक प्लास्टिकला चांगलं नाही.

अधिकउणे | सोमवार, संध्याकाळी ५.४०

याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. नागपूरला घर, सोलर वॉटर हीटर आहे. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या पीव्हीसीची) आहे, पण हीटरला थंड पाणी देणारी लाइन साधी पांढरी पीव्हीसी. ती हीटरजवळ धनुष्यासारखी वाकली आहे. थंड पाण्याची लाइन का वाकावी?

नळदमयंती | सोमवार, संध्याकाळी ६.३०

कारण ती थंड राहत नाही. तुम्ही पाणी वापरत नसाल तेव्हा, विशेषतः मे महिन्यात गावाला गेलात की, हीटरमधलं पाणी उकळीच्या जवळ जातं आणि थंड लाइनीत मागे सरकतं. साधं पीव्हीसी ६० अंशांच्या पुढे वापरायचंच नाही. सीपीव्हीसी ९३ पर्यंत चालतं. हीटरकडे जाणाऱ्या थंड लाइनीचे शेवटचे दीड-दोन मीटर तरी सीपीव्हीसी किंवा लोखंडी करा आणि त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) टाका. हीटरचा हवेचा पाइप मात्र कधी बंद करू नका, ती वाफेची वाट आहे.

सीपीव्हीसीचं सोल्युशन वेगळं असतं, बहुतेक पिवळसर. साध्या पीव्हीसीचं पारदर्शक सोल्युशन त्याला लावू नका. आणि त्याचा व्यास आणखी तिसराच! पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून २२.२ मिमी. म्हणजे 'पाऊण इंची' या एका नावाखाली तुमच्याकडे २२.२, २५ आणि २६.७ असे तीन पाइप फिरतायत.

गार_वारा | सोमवार, संध्याकाळी ६.४०

तिघं भाऊ, आडनाव एकच, एकमेकांशी पटत नाही.

ऑस्टिनकर | मंगळवार, सकाळी ८.१०

टेक्सासहून. इथे सोल्युशनच्या आधी जांभळा प्रायमर लावतात. तो पृष्ठभाग साफ करून मऊ करतो, आणि रंग जांभळा कारण तपासणीला येणाऱ्या माणसाला लांबूनच कळतं की लावलाय. माझ्या हाताच्या आणि दोन शर्टांच्या रंगावरूनही कळतं.

इकडची पीडा उलटी, गोठण्याची. २०२१ च्या फेब्रुवारीत इथे बर्फ पडलं, दिवसचे दिवस वीज गेली आणि घरोघरी पाइप फुटले. आमच्या बागेच्या पीव्हीसीत पाणी तसंच होतं, गोठून फुगलं आणि लाइन लांबीत उभी चिरली. आता थंडी सुरू व्हायच्या आत रिकामी करतो.

लाइन जोडल्यावर गळती तपासायला मी कॉम्प्रेसरची हवा भरतो, कुणी करतं का तिकडे?

हॅक्साब्लेड | मंगळवार, सकाळी ८.३०

नका भरू! पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर पाणी सांडतं. हवेने भरलेला पीव्हीसी पाइप फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. चाचणी पाण्यानेच, आणि आतली हवा आधी शेवटच्या नळातून काढून.

ऑस्टिनकर | मंगळवार, सकाळी ८.४५

बाप रे. काका, धन्यवाद. कॉम्प्रेसर टायरपुरता ठेवतो.

परसदार | पुढचा रविवार, संध्याकाळी ७.००

अहवाल.

शेतीच्या पाइपांच्या दुकानात गेलो, ३२ चे राखाडी एल्बो आणि टी तिथे सहज मिळाले. कोरडा पाइप घातला, अर्ध्यात अडकला. इतका आनंद मला एखादी गोष्ट *न बसल्याचा* कधी झाला नव्हता. टाकीचं कनेक्शन पांढरं होतं ते तसंच ठेवलं. तिथे राखाडी एमटीए (एका टोकाला बाहेरून आटे असलेलं फिटिंग) घेऊन आट्यांवर जोडलं, आटे दोन्हीकडे एक इंचीच. गळके सगळे सांधे कापून फेकले. क्लॅम्प सैल केले, एल्बोपासून फूटभर लांब. सोमवारी सकाळी जोडलं, मंगळवारी दुपारी पाणी सोडलं. टाकीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. रात्रभर कोरडं.

पण कुंड्यांचा एक नळ आज पाझरतोय. पितळी नळ प्लास्टिकच्या टीमध्ये घट्ट बसवला होता, अगदी पान्याने पिळून. टीच्या तोंडावर केसासारखी रेघ दिसते.

नळदमयंती | रविवार, संध्याकाळी ७.३०

ती टी गेली. धातूचे आटे प्लास्टिकच्या आट्यांत पाचरीसारखे शिरतात. आवळावं तितकं तोंड फाकतं. पहिल्या दिवशी गळत नाही, आठवड्याने चिरतं. आत पितळ बसवलेली टी मागा. ब्रास टी म्हणालात तरी दुकानदाराला कळतं. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच, तीन-चार वेढे, हाताने बसेल तितकं बसवा आणि पान्याने एक, फार तर दीड फेरा. लोखंडी पाइपाला लावायचा तो सफेदा आणि सुतळी प्लास्टिकला नको. त्यातल्या तेलाने सीपीव्हीसीला तर तडे जातात.

आणि बॉल व्हॉल्व्ह खटकन बंद करायची सवय घरातल्यांना सोडायला लावा. वाहतं पाणी एकदम अडलं की धक्का बसतो, पाइपाची "ठक्" ऐकू येते. तो धक्का सांध्यांवरच जातो.

जांभ्यातला | रविवार, रात्री ८.१५

परसदार, महिन्यातून एकदा रात्री सगळे नळ बंद करून टाकीच्या पातळीवर खडूने खूण करा आणि सकाळी बघा. वर पाणी चढवणारा पंप तेवढा बंद ठेवा, नाहीतर मी केला तसा घोटाळा होईल: रात्रभर गळती शोधली आणि सकाळी टाकी खुणेच्या वर.

परसदार | सोमवार, सकाळी ८.००

ब्रास टी आणली. खडूही आणलाय.

आईची तक्रार सुरू झाली आहे. तुळशीला आता रोज जिना चढून पाणी घालावं लागतं.

दोन_इंची | सोमवार, दुपारी १२.२०

मंडळी, गोठ्यातला नळ दोन वर्षं ठिबकतोय. म्हशीच्या शिंगामुळं हलतो असं समजून दोनदा लाकडाचा टेकू दिला होता. आज पोराच्या वहीचा कागद फाडून पट्टी गुंडाळली. पाइपाला १० सेंटीमीटर भरलं, वर फिटिंग पांढरं, शेड्यूल ४०.

म्हशीची माफी मागितली. दुकानाला निघालोय, भाजणार नाही.

नळदमयंती | सोमवार, दुपारी १२.३५

दादा, तिथे ब्रास टीच घ्या. शिंगं आहेतच.